२६ जानेवारीला पोराला कॅप्टन अमेरिका व्हायचंय, काय करू?

परातवाली_आई
मंडळी, एक प्रश्न हाय, भांडणं बाजूला ठेवून उत्तरं द्या. शाळेत २६ जानेवारीला 'माझा देशभक्त हिरो' म्हणून वेशभूषा ठेवलीय आणि आमचं तिसरीतलं पोरगं कॅप्टन अमेरिकाच व्हणार म्हणून हटून बसलंय. पुठ्ठ्याची ढाल पण तयार झाली, माझी परात उपडी घालून गोल आखला, लाल पट्टे रंगवले, मधली चांदणी जरा वाकडी झालीय पण चालतंय. सासरे म्हणतात ताराराणीच्या कोल्हापुरात अमेरिकेचा झेंडा अंगावर घालून नातू फिरवणार काय? नवरा सासऱ्यांसमोर गप, माझ्यासमोर पोराच्या बाजूनं. मला खरंच विचारायचंय, दुसऱ्या देशाचा सुपरहिरो आपल्या पोराला देशभक्ती शिकवू शकतो का? आणि आपल्याकडं असा कोण का न्हाई? शक्तिमान सोडून सांगा.

कॉमिकवेडा_करवीर
ताई, सासऱ्यांना आधी एवढंच सांगा की तो नुसता झेंडा घालून फिरणारा गडी न्हाई. त्याच्या कॉमिकच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय पण तो विकायला आला डिसेंबर १९४० मध्ये, आणि कव्हरवर कॅप्टन हिटलरच्या थोबाडीत मारतोय. अमेरिका तवर युद्धात उतरलीच नव्हती, जपानचा पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर वर्षभरानं झाला. काढणारे दोघं, जो सायमन आणि जॅक कर्बी, ज्यू घरातली पोरं, त्यांना युरोपात काय चाललंय ते दिसत होतं आणि देश मात्र आपल्याला काय करायचंय म्हणून बसलेला. अंक निघाल्यावर त्यांना धमक्या आल्या, त्या पण अमेरिकेतल्याच लोकांच्या. म्हणजे बघा, देशाचा हिरो म्हणून जो काढला तो सरकारच्या एक पाऊल पुढं जाऊन बोलत होता. आणि झेंड्याच्या ड्रेसमधला तो पहिला पण न्हवे, १९४० ला 'द शील्ड' नावाचा दुसऱ्या कंपनीचा हिरो आलेला, त्याच्या छातीवरची ढाल आणि कॅप्टनची पहिली ढाल सारखी दिसत्यात म्हणून तक्रार झाली, मग दुसऱ्या अंकापासून गोल ढाल आली. तुमची परात त्यामुळंच कामी आली म्हणायची.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९७४ ची. वॉटरगेटच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या भानगडीच्या दिवसात एका गोष्टीत कटाचा सूत्रधार थेट व्हाइट हाऊसमध्येच निघतो, तेव्हा हा गडी ड्रेस काढून ठेवतो आणि नोमॅड नावानं फिरायला लागतो. पुढं परत येतो, पण सरकार म्हणजे देश न्हवे हे ध्यानात धरूनच.

तालीमवाला
भावा माहिती लई भारी पण हे कशाला पाहिजे आपल्याला? राजाराम महाराज १७०० साली गेले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या, आणि औरंगजेबाला १७०७ पर्यंत, म्हणजे तो मरेस्तोवर झुंजवला. कावळा नाक्यावर पुतळा हाय, पोराला गाडीवरनं नेऊन दाखवा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला हुकूम काढला, मागासलेल्या वर्गांना नोकरीत निम्म्या जागा, त्याला काय केप लागला न्हाई की रेडिएशन. एक कागद आणि खाली सही. वर्तमानपत्रांतनं टीका झाली तरी मागं घेतला न्हाई. शाळेत पोरांना हे वर्षाला एकदा भाषणात ऐकायला मिळतंय, तेपण उन्हात उभं राहून.

कॉमिकवेडा_करवीर
दादा मान्य, पण एक सांगा, ताराराणी चुकली, घाबरली, तिला आपल्याच माणसांचा राग आला असं कुणी गोष्टीत दाखवलं तर दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात मोर्चा निघंल का न्हाई? आपण खऱ्या माणसांना इतकं वर नेऊन ठेवलंय की त्यांच्यावर प्रश्नच विचारता येत न्हाई. खोट्या हिरोचा फायदा हाच, तो चुकू शकतो, सरकारशी भांडू शकतो, राजीनामा देऊ शकतो आणि कुणाच्या भावना दुखत न्हाईत. सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेनं १९४६ मध्ये कू क्लक्स क्लॅनसारख्या, म्हणजे काळ्यांच्या जिवावर उठलेल्या गोऱ्यांच्या टोळीला व्हिलन केलं, आपल्याच देशातली घाण पोरांना ऐकवली. शक्तिमान आम्ही पण हरखून बघितला, १९९७ ला आला, पुढं रविवार त्याचाच, पण त्याचा शत्रू म्हणजे अंधार. अंधाराविरुद्ध कोण न्हाई हो? त्यातल्या व्हिलननं, किल्विषनं, कधी वॉर्डातल्या रस्त्याचं टेंडर घेतलं न्हाई.

तालीमवाला
मोर्चाचं खरं हाय, पण म्हणून अमेरिकेचा गडी आणायचा? त्यापेक्षा आपलाच एक काढा की भांडणारा. तू एवढं वाचतोस, लिही.

कोर्टकचेरी_आण्णा
मधी बोलतो. आपल्याकडं कुणी असा हिरो काढला तरी त्याचा ड्रेस तिरंग्याचा करताना कायदा बघावा लागंल. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अपमानाचा कायदा हाय, त्यात नंतर दुरुस्ती झालीय, कमरेखालच्या पोशाखात तिरंगा वापरायचा न्हाई, उशी-रुमालावर छापायचा न्हाई. कॅप्टनचं बरंय, चांदणी आणि पट्ट्यांवर भागतंय. ताई, पोराच्या ढालीवर मधी अशोकचक्र बिक्र काढायच्या फंदात पडू नका, उगाच कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकंल.

परातवाली_आई
सगळ्यांचे आभार. तो १९४० चा किस्सा सासऱ्यांना सांगितला, हिटलरला मारतोय म्हटल्यावर जरा नरमलेत, आता म्हणतात नुसता ड्रेस नको, स्टेजवर दोन वाक्यं पण बोलायची आणि ती मी लिहून देणार. पोराला भाषण नकोय त्यामुळं दुसरं भांडण सुरू झालंय. निळी पँट कुठं भाड्यानं मिळंल सांगा की कुणीतरी, महाद्वार रोडला सगळे मावळ्याचेच ड्रेस दाखवायला लागलेत.

तालीमवाला
२५ ला गेलासा तर मावळ्याचे पण उरत न्हाईत, आजच जावा.