ठाणे स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, पुढे काय होतं?

प्रश्न: काल रात्री फलाटावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा एकटाच बसला होता. पायांत दोन वेगळ्या चपला, मुठीत वडापावचा चुरगळलेला कागद. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. त्याला कोंडून तर ठेवणार नाहीत ना? डोळ्याला डोळा नाही.

उत्तर: नाही हो ताई. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे एकट्या-निराधार मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावंच लागतं. घरचे शोधतात, घर सुरक्षित आहे का तेही बघतात.

उत्तर: गुन्ह्यात अडकलेली मुलं बाल न्याय मंडळाकडे जातात. ती वाट वेगळी, याचा तिच्याशी संबंध नाही.

प्रश्नकर्ती: बरं वाटलं. जाताना माझी पाण्याची बाटली सोडतच नव्हता, म्हटलं राहू दे.