बोर्डिंगातले दिवस : आठवणी लिहा

पंचगंगाकाठ :
काल माळा आवरताना माझी पत्र्याची ट्रंक सापडली. झाकणाच्या आत ऑइलपेंटनं लिहिलेला खोलीचा नंबर अजून शाबूत. हात फिरवला आणि कोल्हापूरच्या दसरा चौकातलं बोर्डिंग आठवलं. पहाटेची घंटा, थंडगार पाणी, ताट घेऊन धरलेली रांग. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला पाठ टेकायला जागा मिळाली म्हणून आमच्या घरात अक्षर आलं. आजोबा, वडील, मी, तिघंही बोर्डिंगचे. तुम्हीही लिहा.

रानवारा :
वडील प्रिन्स शिवाजी बोर्डिंगात होते. शनिवारी एसटीनं डबा यायचा. आजी भाकरीखाली गुळाचा खडा ठेवायची. एसटी चुकली की दुसऱ्याच्या डब्यावर सहा जण. त्यातले दोघं आमच्या घरी अजून काकाच आहेत.

कृष्णामाई :
मी सातारची. कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात होते. १९२४ ला साताऱ्यात त्यांनी स्वतः बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सांगताना दरवेळी गळा भरून येतो. कुकरची शिट्टी झाली, येते.

निशिगंध :
मुलगी बारावीला आहे. कोल्हापुरात मुलींसाठी चांगलं वसतिगृह कुठलं?

रानवारा :
ताई, बहिणीला विचारून सांगतो. तिची पोरगी तिथंच आहे.

मळ्याची_वाट :
परीक्षेच्या फीची शेवटची तारीख, बापाचा ऊस अजून फडात. रेक्टर सरांनी खिशातून भरली, परत घेतली नाही. म्हणाले, पुढं एका पोराची भर. नोकरी लागल्यापासून दर जूनला भरतोय. आमच्या बॅचचे अकरा जण भरतात. सर गेले तेव्हा सगळे रात्रीत पोचलो होतो.

पंचगंगाकाठ :
भावा, वाचून बोलायला सुचंना. जूनमध्ये मलाही सांग.

तांबडा_पांढरा :
रविवारच्या रश्श्याचं कुणीच लिहिलं नाही व्हय! वाढपी ओळखीचा असला की वाटी काठोकाठ. आणि दादा, त्या ट्रंकेचा फोटो टाका. माझी कडीची होती, तुमची?