मुलूख कोणाचा, कोणत्या सालापासून मोजायचा?

वरुडचा संत्रेवाला
काल इथं एका दादांनी टाकलं: युक्रेनमध्ये रशियन बोलणारे लोक आहेत, जुनं राज्यही एकच होतं, मग रशियानं मुलूख परत मागितला तर बिघडलं काय? अन् त्याच न्यायानं मध्य प्रदेशातलं सौसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर महाराष्ट्रानं घेतलंच पाहिजे. त्यावर वाहवा पाहून राहवलं नाही, म्हणून लिहून रायलो.

पुतीननं जुलै २०२१ मध्ये भलामोठा लेख लिहिला की रशियन अन् युक्रेनी एकच लोक. २४ फेब्रुवारी २०२२ ले रणगाडे घातले. पण तिथल्या लोकांले १ डिसेंबर १९९१ लेच विचारून झालं होतं ना! नव्वद टक्क्यांच्या वर लोकांनी स्वतंत्र युक्रेन मागितला. क्रिमियात रशियन जास्त, तिथंही ५४ टक्के. १९९४ मध्ये बुडापेस्टले रशियानं ह्याच सीमा मानल्या, त्या भरवशावर युक्रेननं अण्वस्त्रं देऊन टाकली. मग हजार वर्षांपूर्वी कोणता राजा होता ते काहून उकरता?

माझ्या मावसभावाच्या धुऱ्यावर हद्दीचा दगड आहे. चुना उडालेला, बकऱ्या त्याले अंग घासतात. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं मध्य प्रदेश. दोन्हीकडं तीच तूर, तोच संत्रा, संत्र्यावरचा तोच डिंक्या रोग. पलीकडच्याले कोणी विचारलं का, बाप्पा तुले यायचं आहे का म्हणून?

सौसरवाला
मी पलीकडचा. आम्हाला विचारलंच नाही, हेच तर दुखणं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत माझे आजोबा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. त्यांनी घर बदललं नाही, वावर बदललं नाही. रेष सरकली.

बहीण काटोलकडे दिली. तिला नोकरीच्या फॉर्मसाठी कुणबी दाखला पाहिजे होता. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी तुमच्या वडिलांकडचे महाराष्ट्रात राहत होते का? तिच्या हातात आजोबांचा शाळेचा दाखला होता. मराठीत लिहिलेला, घडीवर फाटलेला, मागून पट्टी चिकटवलेला. त्यानं तो उघडलासुद्धा नाही. माझी पोरगी घरात मराठी बोलते, पण तिला मराठीत चार ओळी लिहिता येत नाहीत. आम्ही भाषेचा हक्क म्हटला की तुम्हाला रणगाडे दिसतात. एकदा इकडं येऊन शाळा पाहा.

अकोल्याचा मास्तर
सौसरच्या भाऊंचं दुःख खरं. पण इतिहासावर हक्क काढायचा तर आधी आमच्या वऱ्हाडाचं सांगा. १८५३ च्या तहात निझामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. १९३६ च्या करारातही सार्वभौमत्व निझामाचंच लिहिलं आणि त्याच्या वारसाला वऱ्हाडचा राजपुत्र हा किताब मिळाला. म्हणजे कागदावर अकोला-अमरावती हैदराबादची. आमच्या आजोबांना ना तहाच्या वेळी विचारलं, ना पट्ट्याच्या. जुना कागद म्हणजे हक्क असेल तर जाऊ का आपण तिकडं?

यवतमाळकर
मास्तर, कागदाचं निघालंच आहे तर पूर्ण काढा. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. कुठं गेलं? १९५३ च्या नागपूर करारात काय काय कबूल केलं होतं? राजधानी गेली अन् हातात हिवाळी अधिवेशन आलं. जे सौसर मागतात त्यांनी आधी यवतमाळ सांभाळून दाखवावं. २००६ मध्ये आमच्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी गेला. तेव्हा हे मराठी-मराठी करणारे कुठं होते?

मलकापूरचा
प्रत्येक धाग्यात वेगळा विदर्भ घुसवायचाच का? विषय काय, तुम्ही बोलता काय! संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या. बेळगावकर २००४ पासून सुप्रीम कोर्टात निकालाची वाट पाहतात, अन् तुम्ही हातातलं तोडायला निघाले.

यवतमाळकर
गोळ्या मुंबईसाठी झेलल्या. आमच्या पऱ्हाटीसाठी कोणी साधी काठीही खाल्ली नाही. तुमचं मलकापूर रेल्वेच्या मुख्य लाइनवर आहे, तुम्हाला काय कळणार?

मलकापूरचा
आमच्याकडंही बोंडअळी येते. शेतकऱ्याचं मरण तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही. हे बोलणं मागे घ्या.

यवतमाळकर
रेल्वेचं बोलणं मागे घेतो. बाकी एक शब्द नाही.

धानोऱ्याहून
सगळे भोसले, निझाम अन् इंग्रज मोजून रायले. त्याच्या आधी इथं कोणी नव्हतं का? नागपूर वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शहानं. तो देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात. चांद्याचा परकोट गोंड राजांचा. १९५६ मध्ये भाषेवर राज्यं पाडली तेव्हा गोंडी कोणी भाषा म्हणून धरलीच नाही. आम्ही महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा असे वाटल्या गेलो. आजही घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, गोंडी नाही. सौसर मराठीवाल्यांचं की हिंदीवाल्यांचं, हे भांडण वाचून आमच्या पोटात काय होतं ते तुम्हाले नाही समजायचं.

आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाले २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क भेटला. तिथं राजाची वंशावळ कामाची नव्हती. मोह कुठं वेचतो, बांबू कुठून आणतो, देव कुठं आहे, हे दाखवा लागलं.

ज्यांच्या पोस्टवरून हे सुरू झालं ते
मी पुतीनचा वकील नाही. पण इतिहास बाजूला ठेवून ‘राहणाऱ्यांना विचारा’ एवढंच धरलं, तर दांडगा आधी आपली माणसं वसवेल आणि मग मत घेईल. मे १९४४ मध्ये स्टालिननं क्रिमियातले तातार गाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन टाकले. नंतर तिथं रशियनांची बहुसंख्या दिसली तर ती मान्य करायची? तेव्हा जुना हिशेब काढावाच लागेल.

वरुडचा संत्रेवाला
तातारांचं खरं आहे. हे माझ्या लिहिण्यात आलं नाही, ती चूक माझी. कोणाले हाकललं हे पाहाले इतिहास लागतोच, मानलं. पण हाकललेल्याले घरी आणणं वेगळं अन् राजाच्या नावानं शेजाऱ्याचं घर बळकावणं वेगळं. तुमची कालची पोस्ट दुसऱ्या जातीची होती, हे मी शंभरदा म्हणीन. त्यात सौसरच्या माणसाचं नाव होतं, त्याले काय पाहिजे हे नव्हतं.

सौसरवाला
मग आता विचारा. युक्रेनचं तुमचं पटलं, तिथं लोक एकदा बोलले आहेत. आमचं नाही पटलं. उद्या मत घेतलं तर माझ्या गल्लीतली निम्मी घरं मध्य प्रदेशच म्हणतील, तेही मला माहीत आहे. पोरांच्या नोकऱ्या भोपाळ-इंदूरकडं आहेत. मला नकाशा नको असेल तरी चालेल. पोरीला मराठी शिकवणारा एक मास्तर द्या आणि बहिणीचा तो कागद कोणीतरी उघडून वाचा. फॉर्मची तारीख मागच्या शुक्रवारी निघून गेली.