क्ष-किरण स्रोत: श्वेतबटू जोडतारा की नुसता चळवळ्या लाल बटू?

प्रश्न (तारकायात्री): स्विफ्ट या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेल्या स्थानाभोवतीच्या 5 आर्कसेकंदांच्या त्रुटीवर्तुळात गाया उपग्रहाच्या तारासूचीतले दोन तारे येतात, एक निळसर, एक लाल. दोघांच्याही वर्णपटात एच-अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) उत्सर्जन आहे. क्ष-किरणांचा खरा स्रोत कोण: सोबत्याचा वायू ओढणारा श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा), की नुसता चळवळ्या, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या सक्रिय, लाल बटू?

वर्णपटवाला: रेषा असण्यापेक्षा तिची रुंदी बघा. लाल बटूची रेषा अरुंद असते. श्वेतबटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची हजार किमी/सेकंदाच्या घरात पसरते, कधी दोन शिखरांची. मग 4686 अँगस्ट्रॉमची आयनित हेलियमची रेषा मोजा. ती एच-बीटा या हायड्रोजनच्याच दुसऱ्या रेषेच्या 0.4 पट किंवा जास्त, आणि एच-बीटाची समतुल्य रुंदी (रेषेच्या ताकदीचं माप) 20 अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त, तर श्वेतबटू चुंबकीय असल्याचा दाट संशय घ्या. पुरावा मात्र नव्हे.

क्षणप्रभा: पुरावा आवर्तकालातून मिळतो. एओ पिसियम या चुंबकीय श्वेतबटूच्या जोडताऱ्याचंच घ्या. क्ष-किरणांत 805 सेकंद, हे श्वेतबटूचं परिवलन. दृश्य प्रकाशात मात्र 859 सेकंद ठळक, कारण फिरता क्ष-किरण झोत जोडीसोबत फिरणाऱ्या भागावर पडून परततो. 1/805 मधून 1/859 वजा करून उत्तराचा व्यस्त घेतला की जोडीचा परिभ्रमणकाल सुमारे 3.6 तास निघतो. नुसत्या दृश्य मोजमापावर विसंबलात तर 859 लाच परिवलन समजून बसाल.

तारकायात्री: मला स्विफ्टच्या मोजमापांच्या आवर्तकाल-आलेखात 96 मिनिटांचं शिखर दिसतंय.

क्षणप्रभा: ती स्विफ्टचीच पृथ्वीप्रदक्षिणा! खिडकी-फलनाशी (निरीक्षणांतल्या खंडांमुळे उमटणाऱ्या खोट्या शिखरांच्या आलेखाशी) ताडून बघा. एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीचं सलग निरीक्षण असेल तर तेच वापरा.