मदत हवी आहे: पोहता न येणाऱ्यांनी हेल्मेट घालून प्रवाळ बघावेत का? (मालवण-तारकर्ली)

पंचगंगाकाठ:
डिसेंबरात कोल्हापूरहून मालवणला जायचं ठरतंय. आई (५८, मानेचा जुना त्रास), बाबा (६३, बीपीची एक गोळी, जाड भिंगाचा चष्मा), मुलगी (९) आणि मी. पोहता कुणालाच येत नाही. फोनवर एकाने सांगितलं, "हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, केसही भिजत नाहीत, पोहण्याचा प्रश्नच नाही." हेल्मेट ३५ किलोचं असतं असं कळल्यापासून आई घाबरली आहे. हे स्कूबापेक्षा सोपं असतं का? चष्मा चालतो का? खाली हवा बंद पडली तर काय? आणि त्याच संध्याकाळी घाट चढून परत यावं की नको?

सागरगोटा:
आधी एका गोष्टीची खात्री करून घ्या. मालवणच्या पट्ट्यात नवख्यांना बहुतेक ठिकाणी करवतात ते स्कूबाच: डोळ्यांवर मास्क, तोंडात सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर आणि मागून धरून फिरवणारा प्रशिक्षक. तेव्हा बुकिंग करताना नेमकं विचारा, "तोंडात काही धरावं लागतं का?" उत्तर हो आलं तर ते हेल्मेट नव्हे, आणि बाबांचा चष्माही चालणार नाही.

खऱ्या हेल्मेटची रचना साधी आहे. खालून उघडं, पुढे काच, खांद्यांवर नुसतं टेकलेलं. बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून किंवा मोठ्या सिलिंडरमधून नळीने हवा सतत आत येते आणि जादा हवा खालच्या कडेने बुडबुडे होऊन बाहेर पडते. पाण्याची पातळी हनुवटी-खांद्याच्या आसपास राहते, त्यामुळे नाकाने श्वास चालतो, चष्माही चालतो.

वजनाचं म्हणाल तर ३५ किलो हे बोटीवरचं. आत २८-३० लिटर हवा असेल तर ती जवळपास तेवढेच किलो उचलून धरते, खांद्यावर राहतात पाच-सात. पण हे सगळं खांदे पाण्याखाली गेल्यावरचं. म्हणून शिडीवर खांद्यापर्यंत पाण्यात उतरल्यावरच दोघा मदतनिसांनी हेल्मेट वरून ठेवायचं, आणि वर येतानाही खांदे पाण्यात असतानाच काढायचं. कोणी बोटीवर उभं करून डोक्यावर चढवत असेल तर तिथूनच परत फिरा. आईंच्या हाताला मुंग्या येत असतील तर मात्र पाच किलोही नको. शिडीपाशी लाट आली की हेल्मेट खांद्यांवर आपटतं.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त गडबड होते ते. हेल्मेट कशाने बांधलेलं नाही. प्रवाळ जवळून बघायला माणूस कमरेत वाकतो, हेल्मेटची मागची कड वर होते, तिथून हवा भसकन निसटते आणि पुढून पाणी तोंडापर्यंत चढतं. इंग्लंडच्या डीन बंधूंनी १८२०च्या दशकात पाणबुड्यांसाठी केलेल्या उघड्या शिरस्त्राणातही हीच अडचण होती. पुढे १८३७मध्ये ऑगस्टस सीब या कारागिराने हेल्मेट पाणबंद पोशाखाला जोडून टाकलं. पर्यटकांना अजून उघडंच देतात, कारण त्यातून बाहेर पडणं सोपं. तेव्हा खालचं काही बघायचं तर पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवा. पाणी चढलंच तर सरळ उभे राहा, हवा चालू असेल तर पातळी आपोआप खाली जाते. वर बघायला मान मागे टाकतानाही हेच ध्यानात ठेवा.

पंचगंगाकाठ:
फार उपयोगी. हवा बंद पडण्याचं राहिलं. आणि कान?

कानगोष्ट:
कानाचं मी सांगते, कारण हेल्मेट असो की स्कूबा, अर्ध्यातून वर यावं लागतं ते बहुधा कानामुळे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे ५ मीटरवर दीडपट, आणि हा सगळा फरक शिडीच्या काही पायऱ्यांत पडतो. घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी उघडून तिथे हवा भरावी लागते. जेमतेम सव्वा मीटरचा फरक साचला की ती नळी दाबाने चिकटते, मग कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. पाणी डोक्यावर गेलं की लगेच आणि मग दर पायरीला: हेल्मेटच्या खालून हात आत घालून नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हलकेच हवा ढकला. 'टक्' झालं की पुढची पायरी. दुखलं तर दोन पायऱ्या वर, पुन्हा प्रयत्न. गाईड घाई करत असेल तर हात हलवून थांबवा.

सर्दी असेल तर नाहीच. नाकात थेंब टाकून उतरायची युक्ती लोक सांगतात, ती वाईट: खाली असताना थेंबांचा असर ओसरला की हवा आत अडकते आणि वर येताना कान दुखतो. कापसाचे बोळे, इअरप्लगही नकोत. पडद्याला छिद्र, कानाचं ऑपरेशन, दमा, फिट, फुप्फुस फुटल्याचा इतिहास, गरोदरपण यातलं काही असेल तर डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय उतरू नका. छिद्र, फिट, फुप्फुस आणि गरोदरपणाला ते बहुधा नाहीच म्हणतील.

बाबांची बीपी ताब्यात असली तरी डॉक्टरांना विचाराच. गळ्यापर्यंत पाण्यात गेलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर ताण वाढतो. जिना चढताना दम लागत असेल तर बोटीवर बसणं उत्तम. मुलीच्या बाबतीत वयाबरोबर खांदेही बघा. मोठ्यांचं हेल्मेट अरुंद खांद्यांवर डुगडुगतं. घरी नाक धरून 'टक्' करता येत नसेल तर तिला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लाइफजॅकेट घालून, प्रशिक्षकाचा हात धरून स्नॉर्केलिंग (पाण्यावर तरंगत, नळीने श्वास घेत मास्कमधून खाली बघणं) द्या. खूप काही दिसतं त्यात.

सागरगोटा:
हवेबद्दल. नळी हेल्मेटला जोडते तिथे एकमार्गी झडप असते. वर नळी तुटली, पंप बंद पडला तरी आतली हवा मागे ओढली जात नाही. शिल्लक हवेवर दोनेक मिनिटं बरी जातात, मग कार्बन डायऑक्साइड साचून धाप लागते. कळतं कसं? हवेची घरघर सतत कानावर असते, ती थांबते. तेव्हा खोल श्वास घेऊन धरून ठेवायचा नाही. गाईड शिडीशी नेईल किंवा हेल्मेट उचलून तुम्हाला वर आणेल. वर येताना तोंडाने 'आऽऽ' करत हवा सोडत राहा. श्वास कोंडून वर आलात तर मीटर-दीड मीटरमध्येही फुप्फुसाला इजा होऊ शकते. या सगळ्या प्रकारात जिवावरची चूक ही एवढीच, आणि पोहता न येणारा घाबरला की नेमकी तीच करतो. काठावर उभं राहून 'आऽऽ'ची सवय करून घ्या, हसतील लोक तर हसू देत.

बोटीवर चढलात की कॉम्प्रेसर बघा. हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर, वारा येतो त्या बाजूला आणि उंच हवं. धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइड खाली येतो. त्याला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक म्हणतात 'बोट लागली'. राखीव सिलिंडर जोडून ठेवलेलं आहे का, तेही विचारा. एका माणसाला मिनिटाला ६० लिटरच्या पुढे हवा मिळायला हवी. एका छोट्या पंपावर चार नळ्या दिसल्या तर गप्प बसू नका. दोघांमागे एक गाईड, आणि वर नळीवर डोळा ठेवणारा वेगळा माणूस. तो तिकिटं फाडत बसलेला नको.

भांगाची_भरती:
तारीख ठरवताना पंचांग बघा, खरंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, तळ ढवळतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हा सकाळची वेळ जुळली तर उत्तम. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. देवबागला कर्ली नदीचं तोंड आहे, तिथे गढूळपणा जास्त. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरचं पाणी त्या मानाने स्वच्छ. अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबा. बोटवाल्याला फोन करून "पाणी कसां आसा?" विचारा आणि किती मीटर दिसतंय हेही. तीन मीटरच्या आत असेल तर पैसे वाया, शिवाय गाईडलाही मागचा माणूस दिसत नाही. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तर हे खेळ बंदच असतात.

आणि चालायचं ते प्रवाळाशेजारच्या वाळूवर. अंदमानातली चित्रं बघून येऊ नका. इथले प्रवाळ कातळाला चिकटून, ढिगाऱ्यासारखे, मधूनमधून. भोवती गोबरे, तांबोश्यांची पिल्लं दिसतील. पाय घासत चाललात तर उडालेली वाळू प्रवाळावर बसते आणि त्याला गुदमरवते. जुने कॅनव्हासचे बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. बिस्किटं-पाव टाकून मासे जमवणाऱ्याला नको म्हणा. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्यात आहे आणि दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकायचा नाही.

पंचगंगाकाठ:
मग असं करतो: आई बोटीवर, मुलगी स्नॉर्केलिंग, बाबा डॉक्टरांनी हो म्हटलं तर माझ्याबरोबर. घाटाचं कुणीच सांगितलं नाही!

कानगोष्ट:
एका डुबकीनंतर विमानासाठी १२ तास थांबा, ही नेहमीची शिफारस. ४-५ मीटरवर वीस मिनिटं एवढंच केलंत तर रक्तात विरघळून उंचीवर बुडबुडे करणारा नायट्रोजन फारसा साचत नाही. कोल्हापूर ५५० मीटरच्या आसपास आहे, गाडीने परतायला हरकत नाही. पण कान बंद वाटत असेल तर घाटात तो जास्त छळेल, त्या रात्री मालवणातच राहा. दुसऱ्या दिवशी खोल स्कूबाचे बेत असतील तर हिशेब वेगळा, तेव्हा प्रशिक्षकाला विचारा.

तिखटमीठ:
खुणांचं राहिलं की. खाली बोलता येत नाही. ठीक: अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. अडचण: पंजा आडवा धरून डुलवा, मग जिथे दुखतंय तिकडे बोट. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. फोटोसाठी बाबांनी हौसेने अंगठा दाखवला तर गाईड त्यांना शिडीकडे घेऊन जाईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.