बीपी उतरत नाही? चौथी गोळी लिहून घेण्याआधी औषधांची पिशवी रिकामी करा

डिचोलीकर
आईचं बीपी आठ महिने १६०च्या खाली येईना. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि लघवीची गोळी, तिन्ही नेमाने चालू. चवथीला घरी गेलो तेव्हा तिची औषधांची पिशवी पाटावर उपडी केली. तळाशी डायक्लोफेनॅकची पाकिटं! गुडघ्यांसाठी रोज दोन गोळ्या, फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ती 'दुखण्याची गोळी', बीपीशी तिचा काय संबंध?

संबंध थेट आहे. या गोळ्यांनी मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांचा जोर त्यामुळे मोडतो, ॲम्लोडिपिनचा तितका नाही. शिवाय टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक रोज एकत्र पोटात गेली तर मूत्रपिंडं बिघडू शकतात. डॉक्टरांना दाखवून डायक्लोफेनॅक बंद केली. शेक, मलम आणि व्यायाम सुरू केला. महिन्याभरात वरचा आकडा १४२. म्हणून सांगतो, गोळ्या घेऊनही बीपी चढंच राहिलं तर पहिला संशय इतर औषधांवर घ्या.

सत्तरीकर
पटत नाही. पहिला संशय न घेतलेल्या गोळीवर घ्यायला हवा. आमचे बाबा आकडा चांगला आला की गोळी सोडतात आणि तपासणीच्या आदल्या दिवशी पुन्हा सुरू करतात. ॲम्लोडिपिनने घोटे सुजले, तर ती परस्पर बंद केली. हे फक्त आमच्या घरात होतं असं नाही. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांत जेमतेम निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३मध्येच लिहिलं होतं. तुमच्या आईसारखी नेमाने घेणारी माणसं थोडी.

फोंड्याची सून
दोघेही रुग्णालाच दोष देताय. सासऱ्यांना पाच वर्षं एकच गोळी, त्याच सुरुवातीच्या डोसवर. दर खेपेला १५६, १६० आणि दर खेपेला 'तीच चालू ठेवा'. बहुतेकांना दोन औषधं लागतात, ही काही गुपित गोष्ट नाही. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात डोस वाढवायचा विचार कोण करणार? पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दोन औषधांची एकत्रित गोळी दिली. एकच गोळी असल्याने चुकतही नाही.

म्हापशाची फार्मासिस्ट
काउंटरवरून सांगते. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, तरी मागणारे रोज येतात, आणि सगळीकडे नाही म्हणत नाहीत. पण यादी तिथेच संपत नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन, दम्यासाठी दिलेली प्रेडनिसोलोन, काही गर्भनिरोधक गोळ्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतला सोडियम, हे सगळं बीपी वाढवू शकतं. ज्येष्ठमधाचा काढा महिनोन्‌महिने घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. 'आयुर्वेदिक आहे' म्हणून तो कुणी औषधांत धरत नाही. पॅरासिटामॉलही निर्धास्त नव्हे: २०२२च्या एडिनबरोच्या अभ्यासात रोज ४ ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा आकडा सुमारे ५ने वाढला.

डिचोलीकर, एक गोष्ट ठळक लिहायला हवी होती. स्वतःहून काही बंद करू नये. क्लोनिडीन ही बीपीचीच गोळी एकदम थांबवली तर बीपी उसळतं, आणि तो प्रसंग जिवावर बेतू शकतो.

डिचोलीकर
मान्य, वर ठळक करतो. फोंड्याच्या ताईंचं डोसबद्दलचंही पटलं. पण पिशवी न बघता डोस वाढवला असता तर आईची मूत्रपिंडं धोक्यात आली असती. म्हणून क्रम माझाच धरतो.

सत्तरीकर, बाबांच्या घोट्यांचं डॉक्टरांना सांगितलंत का? ॲम्लोडिपिनचा डोस उतरवून जोडीला टेल्मिसार्टन दिली की सूज बऱ्याचदा कमी होते.

सत्तरीकर
नाही सांगितलं. ते सोडतात म्हणून मी फक्त ओरडत आलो. रविवारी वाळपईला जातोय, पिशवी आणि घोटे दोन्ही बघतो.