मदत हवी आहे: ॲफेजियाच्या थेरपीसाठी गावाकडच्या वस्तूंचे फोटो

नमस्कार मंडळी. मी विद्यापीठाच्या स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये शिकवते. थेरपी बीएएसएलपीचे (वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीचे) विद्यार्थी देतात, मी बाजूला बसून बघते आणि अगदीच अडलं तर बोलते.

सध्या पक्षाघातानंतर ॲफेजिया (मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरणं अवघड होणं) झालेले एक शेतकरी काका येतात. बोललेलं बरंच समजतं, शब्द मात्र ओठावर येऊन अडतो. आमच्या चित्रकार्डांत टोस्टर, हातमोजे, बर्फातला माणूस! काका नुसती मान हलवतात. परवा विद्यार्थिनीने मोबाइलवर वखराचा फोटो दाखवला, ‘व...’ एवढाच आवाज दिला आणि काका स्पष्ट म्हणाले, "वखर". पोरगीच जास्त खूश झाली.

तर वखर, तिफण, विळा, सूप, इरलं, गोठा, चूल अशा गोष्टींचे स्वतः काढलेले फोटो कोणी देईल का? एका फोटोत एकच वस्तू, मागे गर्दी नको, माणसांचे चेहरे नकोत. तुमच्या भागात त्या वस्तूला काय म्हणतात तेही लिहा, कारण रुग्ण विदर्भातून येतात तसे कोकणातूनही.

आणि शिकवणाऱ्यांना विचारायचंय: पोस्टिंग (क्लिनिकमधली ठरावीक काळाची पाळी) संपून विद्यार्थी बदलला की रुग्ण बिचकतो. जुना-नवा दोघांना काही सेशन एकत्र बसवता का? वेळापत्रकात ते कसं जमवता?